ईशानीचा पुढचा भाग

मोनालीचं पत्र दिवाळीच्या आधी आलं. होळी उलटली तरी मी त्याला उत्तर लिहिलं नव्हतं. तसा मी पत्रं तशीच पडू देणारा माणूस नाही. दर्यापूरच्या वाचनालयात सारी नोकरी गेली, तिथे प्रकाशकांच्या छापील पत्रांनासुद्धा मी पोच लिहीत असे. पण या पत्राच्या शेवटी एक प्रश्न होता. त्याला एका शब्दाचं उत्तर पुरलं असतं आणि तोच एक शब्द माझ्याच्याने लिहवत नव्हता. पत्र मी मोठ्या शब्दकोशात ठेवलं आणि नंतर शब्दकोश उघडायचंही टाळू लागलो.

तो प्रश्न कळायचा तर आधी तो गुरुवार सांगायला हवा.

"काकाजी, आवाज वाढवा ना! काही ऐकूच नाही येऊन राहिलं!" रुख्सार ओरडली.

मी खुर्चीतून उठून टीव्हीचा आवाज वाढवला आणि पुन्हा पुस्तक उघडून बसलो. टीव्हीसमोर जमिनीवर दोघी जणी होत्या. एक मोनाली गावंडे, आमच्या शेजारची, अकरावीतली. धाकट्या भावाची दहावी म्हणून तिच्या वडिलांनी घरची केबल कापून टाकली होती. अभ्यास भावाचा आणि शिक्षा हिला. दुसरी तिची मैत्रीण रुख्सार. दर गुरुवारी संध्याकाळी दोघी आमच्याकडे 'सप्तक कॉलेज' बघायला येत. त्या मालिकेतली पोरं भांडता भांडता गात, रडता रडता गात. एकदा तर परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर सोडवता सोडवता सगळा वर्ग गायला होता आणि पर्यवेक्षकही. मला निवृत्त होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसे आणि आपण वाचत आहोत असं दाखवत असे.

त्या दिवशी अंतिम फेरी होती. नायिका ईशानी आणि तिचा जोडीदार कबीर एकत्र गाणार होते, पण दुपारीच दोघांचं भांडण होऊन कबीर बसमधून उतरून गेला होता. पडदा वर गेला. रंगमंचावर ईशानी एकटी. पेटीवाल्याने सुरुवातीची धून वाजवली. ईशानीने तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. धून पुन्हा वाजली. ती एक पाऊल मागे सरली. कॅमेरा खाली तिच्या पायांवर आला आणि चित्र तिथेच गोठलं. मग खाली पट्टी सरकू लागली: क्रिकेटच्या सामन्यांमुळे पुढील भाग पुढच्या महिन्यात.

"पुढच्या महिन्यात?" रुख्सारने लोड उचलून टीव्हीवर फेकला. "असं कोणी थांबवते का? माणूस मरून जाईल ना तोपर्यंत!"

माझी बायको विमल स्वयंपाकघरातून झारा घेऊनच बाहेर आली. "काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं काकू, ईशानीचा आवाज गेला!"

"पण तिचा उजवा पाय आतल्या बाजूला वळलाय," मी म्हणालो.

तिघींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, मी हे मनात म्हणालो.

"तुम्ही तर वाचत होतात," विमल म्हणाली. मग मुलींना म्हणाली, "तिसरा गुरुवार आहे, यांचं बोट त्याच पानावर आहे."

रुख्सार गडबडा लोळून हसली. मोनाली मात्र हसली नाही. ती अजून टीव्हीकडेच बघत होती, जिथे आता साबणाची जाहिरात चालली होती.

"पळणार ती," मोनाली म्हणाली. "पाय वळला म्हणजे पळणार. मले माहीत आहे."

हे ती कशावरून म्हणते ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती गायला उभी राहिली होती. पेटी सुरू झाली, ती दोनदा खाकरली आणि रंगमंचावरून उतरून थेट घरी पळत आली. चपलाही तिथेच राहिल्या होत्या. तेव्हापासून वर्गातली मुलं तिला 'एक्सप्रेस' म्हणत. आणि आवाज असा की ती मागच्या अंगणात भांडी घासताना गाऊ लागली की विमल आमच्याकडचा नळ बंद करायची.

"सरांनी हिचं नाव अकोल्याच्या गाण्याच्या स्पर्धेत टाकलं आहे," रुख्सारने मला सांगितलं. "हेच गाणं, ईशानीचं. सोमवारी हिनं हो म्हणायचं आहे. आणि ही म्हणते, नाही जात."

"मी असं नाही म्हटलं," मोनाली म्हणाली. "मी म्हटलं, ईशानी गायली तर मी जाईन. पळाली तर नाही."

"अवं पण पुढचा भाग स्पर्धेच्या नंतर आहे ना बयो!"

"मग नाहीच जात."

सोळा वर्षांच्या मुलीशी वाद घालायची माझी ताकद नव्हती. खरं म्हणजे कुठल्याच वयाच्या माणसाशी नव्हती. मी पुस्तकात डोकं घातलं. तेवढ्यात रुख्सार गुडघ्यांवर सरकत माझ्या खुर्चीपाशी आली.

"काकाजी, तुम्ही एवढाली पुस्तकं वाचली. तुम्हीच सांगा ना पुढे काय होते."

"मला काय माहीत?"

"नाही कसं माहीत?" विमल झारा हलवत म्हणाली. "जन्मभर लोकांना शेवटची पानं यांनीच तर पुरवली."

ही गोष्ट मी कुणाला सांगत नसे. आमच्या वाचनालयात रहस्यकथा इतक्या हातांतून जात की आधी त्यांचं शेवटचं पान सुटायचं. वाचक येऊन भांडत, खुनी कोण ते सांगा नाहीतर वर्गणी परत द्या. मग मी दुसऱ्या गावच्या वाचनालयातून तेच पुस्तक मागवून ती पानं हाताने उतरवून काढी आणि खळीने चिकटवी. एकदा एका पुस्तकाची दुसरी प्रत कुठेच मिळेना. लोक रोज विचारू लागले. शेवटी मी स्वतःच शेवट लिहिला आणि चिकटवून टाकला. माझ्या शेवटात खुनी माळी होता. खरा खुनी कोण, मला आजही माहीत नाही. पुस्तक पुढे कित्येक वर्षं फिरलं आणि एकाही वाचकाने तक्रार केली नाही. एक पोस्टमास्तर तर म्हणाले होते, शेवट काय झकास केलाय लेखकाने.

विमलने हे सगळं मुलींना रंगवून सांगितलं. मोनाली पहिल्यांदाच टीव्हीवरून नजर काढून माझ्याकडे वळली.

"मग हेही लिहा," ती म्हणाली. "सोमवारच्या आत."

"अगं, माळ्याचं वेगळं—"

"लिहा ना काकाजी."

शनिवारी दुपारी मी वाचनालयात जाऊन बसलो. दुपारी तिथे पंख्याशिवाय कुणी नसे. कागद पुढे घेतला आणि लक्षात आलं की ईशानीला गायला कसं लावायचं तेच मला ठाऊक नाही. 'तिने सारं धैर्य एकवटलं' असं लिहिलं आणि खोडलं. धैर्य एकवटतात म्हणजे नेमकं काय करतात? निवृत्तीच्या दिवशी माझा सत्कार ठेवला होता, तेव्हा मी ताप आल्याचं सांगून घरी बसलो होतो. माझा हार शिपायाने घरी आणून दिला. असला माणूस ईशानीला काय धैर्य देणार?

मग मी पळवाट काढली. धैर्य बाहेरून आणलं. मी लिहिलं: ईशानी वळते, निघते. तेवढ्यात प्रेक्षागृहात मागच्या रांगेत कुणीतरी उभं राहतं आणि गाण्याची पहिली ओळ म्हणतं. तो कबीर असतो. ईशानी थांबते, वळते, हसते आणि गाऊ लागते.

रविवारी मोनालीने ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं.

"कबीर येतो?"

"येतो."

"नक्की?"

"लिहिलंय ना मी."

तिने कागदाची घडी केली. "मग मी सरांना हो म्हणते," ती म्हणाली आणि गेलीसुद्धा. मी दारात उभाच राहिलो. खुनी माळी आहे असं सांगितल्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण या मुलीला मी कबीर येईल म्हणून सांगितलं होतं आणि कबीर मी कुठून आणणार होतो?

पुढचे दिवस मोनाली मागच्या अंगणात मन लावून गायची. 'सांग पाखरा, कुण्या रानात उजाडलं रे आधी.' साधीच ओळ, पण 'उजाडलं' म्हणताना ती सूर असा वर नेई की हातातलं काम थांबे. ऐकून ऐकून मलाही ते पाठ झालं. आंघोळीच्या वेळी बादली भरताना मी हळूच म्हणून बघू लागलो.

"अहो, दूधवाला विचारतोय, घरात कुणाला बरं नाही का!" विमलने बाहेरून दार वाजवलं.

स्पर्धेला आम्ही एसटीने गेलो. मोनाली, तिची आई, रुख्सार, विमल आणि मी. सभागृह गच्च भरलेलं. आम्हाला मागच्या रांगेत जागा मिळाली. गावोगावची मुलं, त्यांचे शिक्षक, आणि पुढे टेबलाशी परीक्षक म्हणून एक वृद्ध बाई, बाळापुरेबाई. त्या गाणं ऐकताना डोळे मिटत, आणि आवडलं नाही की उघडत. त्या दिवशी त्यांचे डोळे बराच वेळ उघडेच होते.

मोनालीचं नाव पुकारलं. ती आली, माइकपाशी उभी राहिली. नवा पंजाबी ड्रेस, दोन वेण्या, पायात चपला. पेटी सुरू झाली.

तिने तोंड उघडलं आणि आवाज आला नाही.

गावंडेवहिनींनी माझ्या बायकोचा हात धरला. पेटीवाल्याने पुन्हा तीच धून वाजवली. मोनालीने एक पाऊल मागे घेतलं. मी तिच्या पायांकडे पाहिलं. उजवा पाय आतल्या बाजूला वळला होता.

पुढच्या रांगांतून तिच्याच वर्गातलं कुणीतरी म्हणालं, "एक्सप्रेस सुटली!" आणि पोरं हसली.

मोनाली मात्र त्यांच्याकडे बघत नव्हती. ती मागच्या रांगेकडे बघत होती. आधी मला वाटलं, ती आईला शोधतेय. मग समजलं. ती कबीरला शोधत होती. मी लिहिलं होतं ना, मागच्या रांगेत.

त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. कुणीतरी उभं राहिलं. गुडघे कापत होते ते माझे होते, म्हणजे उभा मीच राहिलो असणार. समोर सगळं सभागृह, माना वळवून वळवून बघणारं. सारी नोकरी ज्याने 'शांतता राखा' या पाटीखाली बसून काढली तो मी छाती भरून घेऊन मोठ्याने गायलो, "सांग पाखरा, कुण्या रानात उजाडलं रे आधी!"

क्षणभर काहीच झालं नाही. मग छत खाली यावं तसं हसू कोसळलं. पोरं बाकांवर हात आपटून हसली. पेटीवाला हसला. रुख्सारने ओढणी तोंडात कोंबली. 'उजाडलं'पाशी माझा आवाज वर जायचा तो फाटून भलतीकडेच गेला होता, हे मला मागाहून कळलं.

रंगमंचावर मोनालीने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"असं नाही काकाजी!" ती माइकवरून म्हणाली. "असं आहे!"

आणि तिने ती ओळ म्हणून दाखवली.

ती मला दाखवत होती, फक्त मला, अंगणातून हाक मारावी तशी. 'उजाडलं' तिने अलगद वर नेलं आणि तिथे ठेवलं, आणि हसणारी पोरं गप्प होत गेली, पुढून मागेपर्यंत. पेटीवाल्याचे सूर धावत तिच्या मागून आले. दुसरी ओळ येईतो ती मला विसरली होती. अंतऱ्यात तर तिने डोळे मिटून घेतले. मी बाळापुरेबाईंकडे पाहिलं. त्यांचेही डोळे मिटलेले होते.

गाणं संपलं तेव्हा टाळ्या कुणी थांबवेना. गावंडेवहिनी रडत होत्या. मी तसाच उभा होतो. विमलने सदरा ओढून मला खाली बसवलं.

तेवढ्यात पुढून एक सफारी घातलेले शिक्षक उठले. "मॅडम, हरकत आहे. बाहेरून सूर दिला गेला. नियमाप्रमाणे ही स्पर्धक बाद व्हायला पाहिजे."

सगळ्या माना पुन्हा माझ्याकडे वळल्या. माझ्यामुळे! मी आयुष्यात एकदा उभा राहिलो आणि पोरीचं सगळं घालवून बसलो. मोनाली माइक दोन्ही हातांनी धरून उभी होती.

बाळापुरेबाई काठी टेकत उठल्या. त्यांनी मागच्या रांगेपर्यंत नजर टाकली.

"नियम बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "बाहेरून सूर देता येत नाही. तर त्या गृहस्थांनी जे काही केलं, त्याला सूर म्हणणारं इथे कुणी असेल, त्यानं हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही. सफारीवाल्या शिक्षकांनी जरा वाट पाहिली, मग तेही हसले आणि खाली बसले.

मोनालीचा पहिला नंबर आला. रुख्सारने मला मिठी मारायला हात पसरले, मग एकदम भानावर येऊन विमलच्या गळ्यात पडली. परतीच्या एसटीत मोनाली ट्रॉफी मांडीवर घेऊन दर्यापूरपर्यंत गात आली आणि कंडक्टर फर्माइशी करत राहिला.

पुढच्या महिन्यात 'सप्तक कॉलेज' पुन्हा सुरू झालं. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो होतो. ईशानी मागे सरली, वळली आणि चक्कर येऊन पडली.

"चक्कर!" रुख्सार किंचाळली. "एक महिना थांबवून चक्कर? काकाजी, तुमचाच भाग खरा! यांना काही लिहिता नाही येत!"

लोडाला टेकून चिवडा खात मोनाली नुसती हसली. ईशानी पडली काय, उठली काय, तिला आता फरक पडत नव्हता.

गावात मात्र त्या दिवसाची गोष्ट होऊन बसली. "देहनकर काकांनी काय डोकं लावलं! मुद्दाम बेसूर गायले. पोरीला राग आणला आणि भीती पळवली." कॉलेजचे सर घरी येऊन म्हणाले, मानसशास्त्र वाचलंय तुम्ही, दिसतंच. मी मान खाली घालून हसलो. जन्मात पहिल्यांदा मला कुणी हुशार म्हणत होतं. मी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. वर्षांमागून वर्षं गेली आणि ते तसंच राहिलं.

मोनाली आता नागपूरला एका शाळेत गाणं शिकवते. तिने पत्रात लिहिलं होतं: 'वर्गात एखादी मुलगी उभं राहायला घाबरली की मी तुमची गोष्ट सांगते. परवा एका मुलीनं विचारलं, बाई, ते काकाजी मुद्दाम चुकले होते का? मला उत्तर देता येईना. मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. काकाजी, तुम्ही मुद्दाम बेसूर गायला होतात ना?'

होळीनंतर एके दिवशी विमलला कुठलासा शब्द अडला म्हणून तिने शब्दकोश काढला आणि पत्र तिच्या हातात आलं. चष्मा लावून तिने ते सगळं वाचलं.

"एवढ्यासाठी अडलं होतं?" ती म्हणाली. "लिहून टाका ना खरं काय ते."

"तुला काय माहीत खरं काय ते?"

"बाप्पा! मला नाही माहीत?" ती हसू लागली. "मुद्दाम बेसूर गायचं म्हणजे आधी सूर कळावा लागतो."

म्हणजे इतकी वर्षं हिला माहीत होतं आणि ही बोलली नाही.

"मी वाईट दिसेन," मी म्हणालो. "मुलींना वाटतं, काकाजी हुशार होते."

"त्या घाबरलेल्या पोरीला हुशार माणूस काय करायचाय?" विमलने पत्र माझ्यापुढे ठेवलं. "तिला तर असा माणूस पाहिजे की ज्याला गाता येत नाही आणि तरी उभा राहिला."

ती आत निघून गेली. त्या सभागृहातले माझे कापणारे गुडघे आठवले. त्या शनिवारी दुपारी वाचनालयात जे धैर्य मला लिहिता आलं नव्हतं, ते मी पुढे करून बसलो होतो आणि इतकी वर्षं ते हुशारीच्या नावाखाली लपवून ठेवलं होतं.

मी मुद्दाम पोस्टकार्ड घेतलं. लिहिलं:

'चि. मोनालीस अनेक आशीर्वाद. नाही गं. मी जमेल तितकं चांगलंच गात होतो. आंघोळ करताना रोज सराव केला होता. वर्गात सांग. तुझा, काकाजी.'

पोस्टात खिडकीपाशी नवी मुलगी बसली होती. तिने कार्ड घेतलं, पत्ता बघता बघता मजकूरही वाचला आणि ओठ दाबून हसली.

"काका, हे उघडं आहे हां. वाटेत कुणीही वाचेल."

"वाचू दे," मी म्हणालो.

तिने शिक्का उचलला आणि ठाप्‌ करून कार्डावर मारला.